नानांचा राहिलेला शब्द

मोडनिंबच्या नानांचं अक्षर अजूनही असं आहे की मास्तरांनी शाळेतली पोरं आणून दाखवावीत. टपोरं, वळणदार, एक काना तिरका नाही. मोत्यांची माळच म्हणा. फक्त दर ओळीत एक मोती ओवायचा राहून गेलेला. आणि राहतो तोही असातसा नाही, ज्याच्यावर सगळ्या माळेचं मोल ठरायचं नेमका तो.

अक्षर असं, म्हणून गावातलं सगळं लिखाण नानांकडे. सप्त्याची पत्रिका, वर्गणीचं पुस्तक, बांधाच्या भांडणाचा अर्ज, पोरीच्या स्थळासाठी द्यायची माहिती. त्यांच्या स्वतःच्या दारापुढे ऑइलपेंटनं रंगवलेली पाटी आहे : ‘येथे वाहने लावू’. ‘नयेत’ राहिलं. अरणला सावता महाराजांच्या दर्शनाला निघालेली पाहुणेमंडळी चहापाण्यासाठी पुणे-सोलापूर हायवे सोडून आत येतात आणि पाटी वाचून बिनघोर गाडी लावतात. एकानं तर काच खाली करून विचारलं, “काका, तुम्ही लावताय का मीच लावू?” नाना त्याच्यावर भयंकर चिडले. एवढं ठसठशीत लिहिलंय, वाचता येत नाही का!

नानांना अशुद्ध लिहिणाऱ्यांत बसवू नका. ऱ्हस्वदीर्घ चुकलेलं दिसलं की त्यांना रात्री झोप येत नाही. त्यांचं दुखणं वेगळंच आहे. डोक्यातलं वाक्य पुढच्या स्टेशनात पोचलेलं असतं आणि हात अजून कुर्डुवाडी-पंढरपूरच्या जुन्या बार्शी लाइटमध्ये बसलेला. मग हात मधलं एखादं स्टेशन न घेताच गाडी पुढे काढतो. लिहून झाल्यावर नाना ते दोनदा वाचतात, मोठ्यानं वाचतात, आणि वाचताना राहिलेला शब्दही खणखणीत उच्चारतात. कागदावर नसलेला शब्द त्यांना दिसतो. आपणच लिहिलेलं आपण वाचत नसतो, आठवत असतो, त्याला नाना तरी काय करणार?

त्यातून मराठी वाक्याचा स्वभाव. होय का नाही, हा निकाल आपण शेवटापर्यंत राखून ठेवतो आणि नानांचं लक्ष निकालाआधीच कोर्टातून उठून गेलेलं असतं. एका लग्नपत्रिकेत त्यांनी ‘आहेर स्वीकारला जाणार नाही’ यातलं ‘नाही’ गाळलं. पत्रिका छापून, वाटून झाल्या. लोक म्हणाले, इतका स्पष्टवक्ता वधूपिता पाहिला नाही. मांडवात स्टीलच्या डब्यांची रास लागली. वधूपित्यानं चारचौघांत नानांना बोल लावला, आणि धाकटीच्या पत्रिकेचा मजकूरही पुन्हा नानांकडेच दिला.

गावाला नानांचा त्रास होत नाही, कारण गावही नानांसारखंच वाचतं. म्हणजे वाचत नाही. पुढे काय असणार हे सगळ्यांना आधीच ठाऊक असतं. नानांनी एकदा गावाच्या ग्रुपवर टाकलं : ‘कळविण्यास दुःख होते की तात्यांच्या आज पहाटे निधन झाले.’ मधला बैल गेला होता. गोठ्यातूनही आणि वाक्यातूनही. गावानं ‘च्या’चं ‘चे’ मनातल्या मनात करून घेतलं आणि धडाधड हात जोडायला सुरुवात केली. सत्तर-ऐंशी श्रद्धांजल्यांत एक खुद्द तात्यांची होती. ‘भावपूर्ण श्रद्धांजली. देव कुटुंबाला बळ देवो.’ पुढं हार घेऊन आलेल्या मंडळींना तात्यांनीच चहा पाजला.

घोटाळा होतो तो परक्याबाबत. परका माणूस लिहिलंय तेवढंच वाचतो. मोडनिंबचं नाव महाराष्ट्रात दोन गोष्टींसाठी घेतलं जातं : एक इथली बोरं आणि दुसरी इथल्या थिएटरांतली लावणी. बोरांमध्ये उमराण, चेकनट, चमेली अशा जाती. थंडीत बाजार भरात होता, आणि नानांनी पुण्याच्या एका व्यापाऱ्याला निरोप टाइप केला : ‘उद्या रात्रीच्या गाडीने चमेली पाठवतो. एकदम ताजी. पैसे रोख द्यावेत, घरी कळवू नये.’ ‘चमेली’पुढचं ‘बोरं’ राहिलं होतं, आणि ‘घरी’च्या आधीचं ‘माझ्या’. पैशांतून नानांना पोराच्या चोरून एक व्यवहार मिटवायचा होता, एवढीच ती भानगड. पण व्यापाऱ्याचा मोबाइल त्या वेळी चार्जिंगला होता आणि चार्जर स्वयंपाकघरात. दुसऱ्या दिवशी माल उतरवून घ्यायला व्यापारी आला, त्याच्यामागे बायको होती आणि तिच्यामागे तिचे दोन भाऊ. पोती सोडून प्रत्येकातलं बोर तिनं खाऊन पाहिलं म्हणतात. तेव्हापासून तो व्यापारी मोडनिंबचा माल फक्त फोनवर बोलूनच ठरवतो.

गंमत अशी की तार होती तोवर नानांकडून एक शब्द कधी सुटला नाही. तारेत दर शब्दाला पैसे पडत, त्यामुळे शब्द गाळणं ही शहाणपणाची गोष्ट. पण नाना खिडकीशी उभे राहून बोटांवर शब्द मोजत, आणि मोजलेलं सुटत नाही. 2013च्या जुलैत तारसेवा बंद झाली, शब्द फुकट झाले, आणि नानांचा उरलासुरला बांध फुटला.

नातवानं त्यांना एकदा 1631 सालच्या इंग्रजी बायबलची गोष्ट सांगितली. लंडनच्या छापखान्यात दहा आज्ञांपैकी एकीतला नकार राहिला आणि व्यभिचार करावा, अशी देवाचीच आज्ञा छापून निघाली. छापणाऱ्यांना तीनशे पौंड दंड झाला. नाना सुखावले. “बघा, साहेबाचं पण राहतंय की,” म्हणाले. “आन् ज्ञानेश्वरी बघा. शके 1506ला नाथमहाराजांनी शुद्ध केली ती कशापायी? नकला करणाऱ्यांनी घोळ घातलेला म्हणून. ती मंडळी नसती तर नाथांना काम काय उरलं असतं?” त्या क्षणापासून नाना स्वतःला एका थोर परंपरेचे पाईक मानू लागले.

इतकी परंपरा निघाली म्हटल्यावर गावातल्या एका निवृत्त मास्तरांनी त्यांना परंपरेतलाच उपाय सांगितला. जुन्या पोथ्यांत अक्षर सुटलं की लेखनिक तिथं कावळ्याच्या पायासारखी खूण करी आणि सुटलेलं समासात लिही. काकपद म्हणतात त्याला. नानांना ते एवढं आवडलं की त्यांनी लाल शाईचं पेन आणलं. आता ते लिहून झाल्यावर कागद बारकाईनं तपासतात, कुठे काहीतरी राहिल्यासारखं वाटलं की तिथं ऐटीत काकपद काढतात, आणि ते इतकं झोकदार उतरतं की त्या समाधानात समासात शब्द लिहायचा राहून जातो.

परवा देवळाच्या भिंतीवर सूचना लागली होती. सप्त्याची बैठक गुरुवारी, मग लाल कावळा, वाजता, मग आणखी एक लाल कावळा, येथे होईल. समास कोरा करकरीत. खाली नानांची सही, पूर्ण. गर्दी जमली. कुणी म्हणालं, आधी काय राहिलंय ते कळायचं नाही, आता निदान कुठं राहिलंय ते तरी दिसतंय. तेवढ्यात मागून तात्या पुढं आले, चष्मा वर करून त्यांनी सूचना दोनदा वाचली आणि म्हणाले,

“कावळा तर येऊन बसलाय ओ नाना. पिंड ठेवायचा राहिलाय.”