बिननावाची टेकडी कशी चढावी

स्कॉटलंडच्या लोकांनी डोंगर चढण्याचं काम फार सोपं करून ठेवलं आहे. सर ह्यू मन्रो या गृहस्थांनी १८९१ साली तिथल्या तीन हजार फुटांहून उंच डोंगरांची यादी छापली. आज त्या यादीत २८२ डोंगर आहेत आणि एकेकावर खूण करत माणसं उभं आयुष्य काढतात. पुष्कळदा वर बघायला काही नसतं. ओली दलदल, अंगावर येणारा वारा आणि झाडाचा पत्ता नाही. पण नाव यादीत असलं की का चढलात, असं कोणी विचारत नाही.

वाशिम जिल्ह्यात ही सोय नाही. अजिंठ्याच्या रांगेचे फाटे मालेगाव, मंगरुळपीर, मानोरा या तालुक्यांतून जातात, पण त्यांच्यावर ना राजगड ना रायगड. सह्याद्रीवाले तर किल्ला नसलेल्या उंचवट्याला डोंगर म्हणायलाच तयार नसतात. सबब, दिवाळीला पुण्याहून मामाकडे येणाऱ्या आणि फराळाचं ताट सरताच 'जरा ट्रेक मारून येतो' म्हणणाऱ्या भाच्यांच्या हितार्थ पुढील मार्गदर्शन सादर केलं जात आहे.

प्रथम कारण सोबत घ्यावं. पाणी विसरलं तर चालेल, कोणीतरी देईल. कारण कोणी देत नाही. पांदण रस्त्याला लागताच पहिली चौकशी होते. "कुठीसा चालले भाऊ?" "टेकडीवर." "कायले?" इथे भाचा 'असंच' म्हणतो आणि फसतो. "असंच? वरतं त काईच नाई. गोटे हायेत." यानंतर त्याच्या घरच्यांविषयी, पगाराविषयी आणि लग्नाविषयी विचारपूस होते, कारण सकाळच्या पारी असंच टेकडी चढणाऱ्या माणसाचं घरी काहीतरी बिनसलेलं असणार, हे उघड आहे. ग्राह्य कारणं मोजकीच आहेत: नवस, सीताफळं, मोबाइलची रेंज आणि चुकलेली बकरी. पैकी बकरीचं कारण दिसतं तितकं सोपं नाही. ते सांगितलं की दोन-तीन माणसं हातातलं काम टाकून शोधायला सोबत निघतात, आणि अर्ध्या वाटेत त्यांतला एक जण बकरीचा रंग विचारतो.

पोशाखाबाबत एकच सूचना. गोल टोपी, काळा चष्मा आणि आडवा धरलेला फोन हे तिन्ही एकदम वापरू नयेत. समृद्धी महामार्ग याच जिल्ह्यातून गेला आहे. त्याचा नागपूर-शिर्डी टप्पा २०२२ च्या डिसेंबरात सुरू झाला, पण त्याआधी काही वर्षं भूसंपादन चाललं, आणि जमिनीकडे यंत्र रोखून बघणारा माणूस म्हणजे मोजणीवाला, हे समीकरण शिवारात पक्कं बसलं. तेव्हा कोणी जवळ येऊन हळूच "साहेब, एकरी काय भाव बसन?" असं विचारलं तर भाच्याने आकडा सांगू नये. संध्याकाळपर्यंत तो आकडा तालुकाभर होतो आणि रात्री मामाच्या ओट्यावर माणसं जमतात.

वेळेचं गणित शास्त्रशुद्ध आहे. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ साली नियम सांगितला: दर पाच किलोमीटरला एक तास, आणि दर सहाशे मीटर चढाईला आणखी एक तास. गावापासून दोन किलोमीटरवरची शंभर मीटर उंच टेकडी घेतली तर चोवीस अधिक दहा, म्हणजे चौतीस मिनिटं झाली. नेस्मिथसाहेबांच्या वाटेवर मात्र वावरं नव्हती. वावर आलं की वावराचा मालक येतो, मालक आला की चूल पेटते, आणि दुधाविना केलेला, पाकासारखा गोड चहा घेतल्याशिवाय पुढे जाता येत नाही. दोन वावरांना दोन चहा. नको म्हणणं हा अपमान समजला जातो आणि तो समजला जावा हेच योग्य आहे. चौतीस मिनिटांचे अडीच तास धरून चालावं.

वावरातून जाताना धुऱ्यावरूनच चालावं. दिवाळीपर्यंत सोयाबीन निघालेलं असतं, पण तूर उभी असते आणि हरभरा नुकताच पेरलेला असतो. भाच्याला तो रिकामा माळ वाटतो. तो रिकामा नसतो. धुऱ्याच्या कडेने बारीक तार दिसली तर ती झटका मशीनची आहे असं समजावं. रोही, म्हणजे नीलगाय, आणि रानडुक्कर आवरायला ती लावतात. बॅटरीच्या मशीनचा झटका माणसाला नुसता शहाणा करतो; पण कुठे कुठे तारेत सरळ घरची लाइट सोडलेली असते आणि त्यात माणसं दगावली आहेत. म्हणून तार ओलांडण्याआधी हाक मारून विचारावं. हा नियम विनोदाचा नाही.

आता चढ. वाट शोधू नये, ढोरांनी केलेली आहे. मात्र गाईची वाट घ्यावी, बकरीची घेऊ नये. गाय जड असते, ती उतारावर तिरपी, दमाने चढते आणि तिची वाट खुरांनी रुंद झालेली असते. बकरीची वाट बोरीच्या जाळीत शिरते आणि तिथेच संपते, कारण बकरीचं तिथलंच काम होतं.

चढ एकसारखा नसतो. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथे लाव्हा थरावर थर ओतला गेला. कठीण थराचा कडा उभा राहतो, ठिसूळ थर झिजून मऊ उतार होतो. म्हणून टेकडी पायरीपायरीने वर जाते आणि प्रत्येक पायरीच्या कडेवर पोचताना भाच्याला माथा आल्यासारखं वाटतं. तो फोटो काढतो. मग मागे आणखी एक पायरी दिसते. पहिल्या तीन माथ्यांवर फोटो काढू नयेत.

मधल्या उतारावर वनखात्याने किंवा जलसंधारणवाल्यांनी सलग समतल चर खोदलेले असतात, आणि गवताने ते इतके झाकलेले असतात की पाय आत गेल्यावरच कळतात. पाणलोटवाल्यांची घोषणाच आहे की धावत्या पाण्याला चालायला लावायचं, चालत्याला थांबवायचं आणि थांबलेल्याला जिरवायचं. भाच्याला ती अक्षरशः लागू पडते. पहिल्या चराशी तो धावत असतो, चौथ्याशी चालतो, सातव्याशी बसतो, आणि त्यापुढचं काम टेकडी करते.

बसला की कुसळ. या जिल्ह्याच्या माळावरचा खरा पहारेकरी बिबट्या नाही, कुसळी गवत आहे. पावसाळ्यात ते हिरवंगार आणि निरुपद्रवी दिसतं. दिवाळीच्या सुमारास वाळून तांबूस होतं आणि त्याचं बी सुटतं. त्या बियाला पुढे सुईसारखं टोक आणि मागे लांब काळसर शेपूट असते. ती शेपूट ओल लागली की उलगडते, वाळली की पीळ घेते, आणि त्या पिळावर बी स्वतःला जमिनीत घुसवतं. जमीन नसेल तर मोज्यात. भाच्याचे घोट्यापर्यंतचे जाड, लोकरी, महागाचे मोजे या कामाला जमिनीहून सरस ठरतात. काढायची रीत अशी: शेपटीला धरून मागे ओढू नये, टोकाशी उलटे केस असतात, ते अडकतात आणि बी मोडून आत राहतं. मोजा उलटा करावा, आतून आलेलं टोक धरावं आणि कुसळ पुढच्या दिशेनेच आरपार ओढून काढावं. एका मोज्याला अर्धा तास. गावातली माणसं टेरिकॉटची पँट आणि उघड्या पायात चप्पल घालून याच गवतातून जातात. त्यांना कुसळ लागत नाही असं नाही, पण धरायला त्याला फार जागा मिळत नाही.

झड लागली असताना जाऊ नये. काळी माती बुटाला धरते आणि प्रत्येक पाय दोन किलोचा होतो.

मे महिन्यात जाऊ नये.

माथा सपाट असतो, इतका की सर्वांत उंच जागा कोणती यावर वाद घालता येतो. घालू नये. शेंदूर लावलेला दगड असेल तीच सर्वांत उंच जागा; ते आधीच ठरलेलं आहे. तिथे बहुधा एक माणूस बसलेला सापडतो. काठी, जर्मनचा डबा, डब्यात भाकर आणि बेसन, आणि खाली उतारावर पसरलेली गावची ढोरं. भाचा घड्याळात चढाई बंद करून किती कॅलरी गेल्या ते बघतो. ढोरकी रोज सकाळी वर येतो, रोज सांजच्याला उतरतो आणि याला चढणं म्हणत नाही. कोणती गाय आज लंगडते, रोही कुठून उतरले, दुपारून वारा फिरणार की नाही, हे त्याला विचारावं. तो सांगतो. शिवाय डब्यातला ठेचा पुढे करतो. भाच्याने बॅगेतला प्रोटीनचा बार त्याला देऊन बघायला हरकत नाही. ढोरकी तो वास घेऊन परत करेल, रागावणार नाही.

शेवटचा नियम नैसर्गिक विधीसंबंधी आहे आणि तो भूगोलाशी निगडित असल्याने टाळता येत नाही. मालेगाव तालुक्यातल्या काही टेकड्या तापी आणि गोदावरी यांच्या पाणलोटांच्या सीमेवर आहेत. उत्तरेच्या उताराचं पाणी काटेपूर्णेतून पूर्णेला आणि तापीतून अरबी समुद्राला जातं. दक्षिणेकडचं पैनगंगा, वर्धा, प्राणहिता, गोदावरी असं करत बंगालच्या उपसागराला. आडोसा निवडताना हे ध्यानात ठेवावं, कारण काटेपूर्णेचं पाणी समुद्राआधी महानच्या धरणात थांबतं आणि तिथून अकोला शहराला प्यायला जातं. वाशिम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोल्यापासून वेगळा झाला, पण नाती झाली नाहीत. तेव्हा कोणता उतार निवडायचा, हे ज्याने त्याने आपले नातेवाईक कुठे राहतात ते पाहून ठरवावं.