उमेळ्याहून आळंदी, लोकलमार्गे

आळंदीहून पंढरपूरला चालत जाणं ही तशी सोपी गोष्ट आहे. लाखो लोक दरवर्षी जातात. पुढच्याच्या पाठीकडे बघत चालायचं, रस्ता चुकायची सोयच नाही. अवघड आहे ते वसईजवळच्या उमेळ्याहून आळंदीला पोचणं. संतसाहित्यात या विषयावर मार्गदर्शन सापडत नाही, कारण संतांना दादरला गाडी बदलावी लागली नव्हती. ही उणीव भरून काढण्यासाठी पुढील सूचना इच्छुकांच्या हितार्थ देत आहे.

सर्वप्रथम तिथी नक्की करावी. माऊलींच्या पालखीचं आळंदीहून प्रस्थान ज्येष्ठ वद्य अष्टमीला असतं, तुकोबांच्या पालखीचं देहूहून आदल्या दिवशी, सप्तमीला. एवढं ज्ञान पुरेसं आहे असं समजणारा माणूस 2018 साली आमच्या मंडळींत होता. त्याने उत्साहाच्या भरात सगळ्यांची तिकिटं सर्वांत आधी काढली आणि ती अधिक ज्येष्ठातल्या अष्टमीची निघाली. त्या अष्टमीला आळंदीत इंद्रायणी होती, देऊळ होतं, फक्त पालखी महिनाभर दूर होती. निघायच्या आदल्या रात्री आमच्यातल्या काकूंनी भिंतीवरचं कालनिर्णय वाचून हा शोध लावला. त्या माणसाचं नाव सांगत नाही, लेख तोच लिहितो आहे. 2026 सालीही ज्येष्ठ अधिक आहे, तेव्हा अष्टमी निज महिन्याची धरावी.

दुसरा खड्डा ‘प्रस्थान’ या शब्दाचा. प्रस्थान म्हणजे चालायला लागणं, असा लोकलवाल्यांचा समज असतो. आपल्याकडे गाडी सुटली की सुटली. पालखी मात्र दुपारनंतर देवळातून निघते, मंदिराचा कळस हलला की माऊलींची आज्ञा झाली असं मानतात, आणि मग पहिला मुक्काम आळंदीतच, आजोळघरी. खरी चाल दुसऱ्या दिवशी पहाटे. म्हणून जायचं ते प्रस्थानाच्या दिवशी सकाळी. दुसऱ्या दिवशी निघालात तर शिवाजीनगरला उतरून पाटील इस्टेटपाशी पालखी गाठता येते, पुण्यात भवानी पेठेपर्यंत चालता येतं, आणि घरी येऊन ‘वारी केली’ असंही सांगता येतं. हे मी एकदा केलेलं आहे. फोटो चांगले आले.

आता मंडळींची बैठक. ती रात्री जेवणानंतर घ्यावी, म्हणजे लवकर संपते. बैठकीत एक काका असतातच, जे म्हणतात, “दादर कशाला? वसई-दिवा गाडी पकडू, दिव्याहून पुढे कर्जत.” ही सूचना दरवर्षी येते, दरवर्षी चहा येईपर्यंत टिकते. त्या मार्गावरच्या गाड्या हाताच्या बोटांवर मोजाव्यात इतक्या. एखादा तरुण पुढे जाऊन सुचवतो की पूर्ण प्रवास लोकलनेच करू, स्वस्तात. कर्जतपर्यंत लोकल आहे, लोणावळ्याहून पुढे पुणे लोकल आहे, जी देहू रोडलासुद्धा थांबते. मधले 28 किलोमीटर तेवढे उरतात, तो बोरघाट. तिथे लोकल नाही. 37 फुटांमागे एक फूट असा चढ, गाड्यांना मागून जादा इंजिनं लावून ढकलावं लागतं. तरुणाला विचारावं, तू ढकलशील का. बैठक संपते.

तिकीट इंद्रायणी एक्सप्रेसचं काढावं. आळंदीच्या नदीचं नाव असलेली गाडी मुंबईहून पहाटे सुटते आणि दादरला थांबते, यात रेल्वेचा काही भक्तिभाव असेल असं वाटत नाही, पण आपण मानायला हरकत नाही. आरक्षण पूर्वी 120 दिवस आधी उघडायचं. नोव्हेंबर 2024 पासून 60 दिवस आधी. एका तिकिटावर सहाच माणसं बसतात. आम्ही सात आहोत. सातव्याचं तिकीट वेगळं निघतं, वेगळ्या डब्यात येतं, आणि मग तो सातवा माणूस पंढरपूरपर्यंत त्याचा उल्लेख करतो. सातवा शक्यतो जावई नसावा.

आहाराविषयी: गळ्यात माळ घालायची असेल तर वसईकराला याहून बरा हंगाम नाही. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक होड्यांच्या मासेमारीला सरकारनेच बंदी घातलेली असते, त्यामुळे वैराग्याचा निम्मा खर्च सरकार उचलतं. उरलेला निम्मा म्हणजे माळ्यावरच्या डब्यातले सुके बोंबील. निघण्याआधी तो डबा शेजारी नेऊन द्यावा. झाकण घट्ट आहे यावर विसंबू नये.

यानंतर स्टेशनचा प्रश्न. नायगाव की वसई रोड, यावर उमेळ्यात घराघरांत दोन पक्ष आहेत. नायगाववाले म्हणतात जवळ पडतं. वसईवाले म्हणतात रिक्षा मिळते. पहाटे साडेतीनला दोन्ही दावे सारखेच खोटे ठरतात. रात्री सांगून ठेवलेला रिक्षावाला “येतो” म्हणतो, त्याचा अर्थ उठलो तर येतो. म्हणून चालतच निघावं. मिठागरांकडून वारा येतो, कुत्री भुंकतात, एकाच्या हातातले टाळ पिशवीत आपोआप वाजतात. नायगावचा जिना चढेपर्यंत गटातले दोघं दमलेले असतात. त्यांच्याकडे आत्ताच लक्ष द्यावं, दिवेघाटात वेळ मिळत नाही.

चारच्या आसपासची लोकल रिकामी असते हा गैरसमज आहे. बसायला मिळतं, पण चौथी सीट. आणि इथे सर्वांत महत्त्वाची सूचना. आळंदीत उतरल्यावर प्रत्येकाला ‘माऊली’ म्हणायचं असतं: पाय तुडवणाऱ्यालाही, रांग मोडणाऱ्यालाही. हा शब्द तोंडाला एकाएकी येत नाही. ज्याने वीस वर्षं विरार लोकलमध्ये “दिसत नाही काय?” हेच संबोधन वापरलं, त्याने सराव नायगावपासूनच सुरू करावा. “माऊली, थोडं सरकता का?” पहिल्यांदा म्हटलं तर समोरचा घाबरून उभा राहतो. ही जागा घ्यावी, आभार मानावेत. भाईंदरच्या खाडीवर नारळ किंवा निर्माल्य फेकायचा मोह आवरावा. पुलाच्या कडेने पाणजू बेटावरची माणसं चालत असतात, त्यांच्या डोक्यात बसलेला नारळ देवाला पोचत नाही.

तुळशीचं काय करायचं, हा प्रश्न पुरुष मंडळी कधीच आधी विचारात घेत नाहीत. काकूंचं पितळी वृंदावन रॅकवर ठेवलं तर पडेल, मांडीवर ठेवलं तर झोपेत कलंडेल, खाली ठेवणं काकूंना मंजूर नाही. आम्ही त्यांना लगेजच्या डब्यात चढवलं. लगेज नसताना त्या डब्यात बसलं तर दंड होतो. तुळस ही लगेज की माऊली, याचा निर्णय टीसीवर सोडला. टीसी आला नाही. डबा दादरच्या फुलबाजाराला निघालेल्या वसईकरांनी भरलेला होता. ओल्या फडक्यांतली मोगऱ्याची गाठोडी, केळीच्या पानात गुंडाळलेला सोनचाफा. गळ्यात क्रुसाची साखळी असलेल्या एका बाईंनी काकूंना पाहिलं, म्हणाल्या, “दे गो इकडे. तू बस आधी.” आणि वृंदावन स्वतःच्या दोन गाठोड्यांच्या मध्ये, मांडीवर घेऊन बसल्या. काकू बोरिवलीच्या आत झोपल्या. दादरला वृंदावन परत हातात आलं तेव्हा मातीत एक सोनचाफा खोचलेला होता. काकू त्यांना माऊली म्हणाल्या नाहीत. “येते गं,” एवढंच म्हणाल्या. वर मी दिलेली सरावाची सूचना काकूंना लागू नाही.

दादर. पूर्वी इथे एक नंबरचे दोन प्लॅटफॉर्म होते, पश्चिमेचा एक आणि मध्यचा एक, आणि अर्धी दिंडी चुकीच्या एक नंबरवर उभी राहायची. डिसेंबर 2023 पासून मध्य रेल्वेचे प्लॅटफॉर्म आठपासून पुढे मोजतात. पुलावर मात्र कोणतीच सुधारणा लागू होत नाही. पताका आडवी धरू नये. पुढे कर्जतला गाडी थांबली की वडा घ्यावा; मागून इंजिन लागेपर्यंत खाऊन होतो. पुण्याहून आळंदीची पीएमपीची बस मिळते, पण त्या दिवसांत आळंदीचे रस्ते गाड्यांना बंद होत जातात, तेव्हा शेवटचा टप्पा पायी धरूनच चालावं.

परतीबद्दल थोडक्यात. 2018 साली आम्ही शेवटी निज ज्येष्ठात गेलो, सासवडपर्यंत चाललो आणि 10 जुलैला दादरला आलो. त्याच दिवशी नालासोपाऱ्याचे रूळ पाण्याखाली होते, विरारकडची वाहतूक थांबलेली. रात्र बोरिवलीत काकूंच्या भाचीकडे सातजणांनी काढली. अधिक महिन्यात गेलो असतो तर कोरडे परतलो असतो, हे मी फक्त एकदाच बोलून दाखवलं.

यंदा आमच्यातल्या एकाचे गुडघे नाही म्हणताहेत, म्हणून सातवी जागा रिकामी आहे. तिकीट वेगळं, डबा वेगळा. येणाऱ्याने आदल्या रात्री कळवावं, पहाटे सव्वातीनला दारात उभं राहावं आणि नायगावच्या जिन्यावर काकूंची तुळस धरावी.