सज्जन चालकाचा हप्ता

पाच वर्षांत एकही क्लेम न करणारा गाडीमालक हा विमा कंपन्यांचा आदर्श ग्राहक. तो पैसे भरतो आणि तोंड उघडत नाही. त्याच्या गौरवार्थ ‘नो क्लेम बोनस’ नावाची शाल-श्रीफळाची सोय आहे: पहिल्या निर्दोष वर्षानंतर 20 टक्के सवलत, मग 25, 35, 45 आणि पाचव्या वर्षानंतर 50 टक्के. त्यापुढे पायरी नाही. पन्नास टक्के हे खरे, पण कशाचे? फक्त गाडीच्या स्वतःच्या नुकसानीसाठी असलेल्या, म्हणजे ‘ओन डॅमेज’ भागाचे. या भागाचा मूळ दर ठरवण्याची मोकळीक कंपन्यांना 2007 पासून मिळालेली आहे. तुळशीबागेतला दुकानदार आधी किंमत चढवून मग ‘खास तुमच्यासाठी’ निम्मी करतो, त्यातलाच हा प्रकार. समजा, यंदा मूळ आकडा आठ हजार होता, बोनस जाऊन चार हजार भरले. पुढच्या वर्षी कंपनीने आकडा दहा हजार केला की पाच हजार भरायचे. बोनस शाबूत, इज्जत शाबूत, खिशातून हजार रुपये जादा आणि त्यावर जीएसटीचे 180 वेगळे. 22 सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक आयुर्विमा आणि आरोग्यविमा जीएसटीतून सुटले, गाडीचा विमा 18 टक्क्यांवरच राहिला.

दुसरा भाग ‘थर्ड पार्टी’चा, जो 1988 च्या मोटार वाहन कायद्याने सक्तीचा आहे. त्याचा दर सरकार ठरवते, आणि तो ठरतो इंजिनावर. 1 जून 2022 पासून लागू झालेल्या तक्त्यात हजार सीसीपर्यंतच्या खासगी गाडीला 2,094 रुपये, हजार ते दीड हजार सीसीला 3,416 आणि त्यावर 7,897. सिग्नलला थांबणाऱ्या मास्तरीणबाई आणि रात्री ‘बसून’ निघालेले बिल्डरचे चिरंजीव यांच्या गाड्या एकाच गटातल्या असतील, तर दोघांना रक्कमही एकच. इंजिनाची क्षमता सरकारला दप्तरी ठाऊक आहे, ते चालवणाऱ्या डोक्याची नाही. ओन डॅमेजच्या जुन्या दरपत्रकानेही गाडीची किंमत विचारली, वय विचारले, गावही विचारले. त्यात पुणे मुंबईच्या पंगतीला ‘अ’ विभागात बसले आणि सातारा ‘ब’ विभागात. गाडी चालवणारा कसा आहे, एवढेच विचारायचे राहून गेले.

बोनस चांगल्या चालवण्याचा असतो, असे मानणाऱ्यांनी सोसायटीच्या गेटबाहेर उभ्या असलेल्या गाडीचा विचार करावा. रात्री टेम्पो दार चेपून पसार होतो, डेंटिंग-पेंटिंगचा खर्च सहा हजार. क्लेम करावा तर हजार रुपये सक्तीची वजावट स्वतः सोसायची, हाती पाच हजार येणार, आणि पन्नास टक्क्यांचा बोनस एका फटक्यात शून्यावर. तो पुन्हा कमवायला पाच वर्षे. म्हणून शहाणा माणूस गॅरेजवाल्याला रोख देतो आणि गप्प बसतो. उलट दर आठवड्याला पार्किंगचा खांब घासणारा पदरचे पैसे भरत राहिला, तर कागदोपत्री तो संतच. विमा कंपनीचा बोनस असा मौनाला मिळतो. तोही गमावू नये म्हणून जादा पैसे भरून ‘बोनस संरक्षण’ घ्यायची सोय आहे. म्हणजे बक्षीस मिळवायचे आणि त्या बक्षिसाचा विमाही आपणच उतरवायचा!

यावर कंपन्यांचे म्हणणे असे, की विमा ही सगळ्यांनी मिळून भरायची वर्गणी आहे. ज्याचे नुकसान होते त्याला ज्याचे होत नाही तो सावरतो. हे अगदी रास्त आहे. बंपरात सेन्सर आणि काचेमागे कॅमेरा आल्यापासून किरकोळ धडकही महाग पडते, आणि पुरात बुडालेल्या गाड्यांचे दावे थकवता येत नाहीत, हेही खरे. पण यातून सगळ्यांचे दर का वाढले एवढेच कळते. सज्जन आणि बेफाम यांच्या दरांत अंतर का नाही, ते कळत नाही. शिवाय सरकारी आकड्यांनुसार रस्त्यावरची निम्म्याहून अधिक वाहने विम्याविना धावतात. वर्गणी न भरता प्रसादाला येणाऱ्यांचा भार भरणाऱ्यांवर पडतो. विम्याविना पकडल्यास पहिल्या वेळी दंड दोन हजार, म्हणजे वर नमूद केलेल्या मधल्या गटाच्या थर्ड पार्टी प्रीमियमपेक्षाही कमी. कायदा मोडणे पाळण्यापेक्षा स्वस्त ठेवायचे, आणि पाळणाऱ्यांना सामूहिक जबाबदारीचे धडे द्यायचे!

दुसरा आक्षेप असा, की चालकाची लायकी मोजायची कशी? गाडी बापाच्या नावावर, चालवतो मुलगा, आणि कॅमेऱ्याचे ई-चलान कधी भलत्याच नंबरावर निघते. मान्य. पण मग ज्या चलानाला हरकत घेतली गेली नाही किंवा ज्याचा दंड भरून झाला, तेवढीच मोजा. मुलाच्या प्रतापाचा भुर्दंड बापाच्या प्रीमियमवर पडला, तर घरात चार शब्द तरी ऐकवले जातील. विमा नियामकाच्या कार्यगटाने 2021 च्या अहवालात अशा गुणांचा आराखडाच मांडला होता: दारू पिऊन चालवल्यास शंभर गुण, चुकीच्या पार्किंगला दहा. चालवण्याच्या सवयीवर दर ठरवणाऱ्या पॉलिसींना नियामकाने 2022 मध्ये परवानगीही दिली. मात्र त्या ऐच्छिक आहेत, आणि बेफाम चालवणारा आपल्या गाडीत हेर बसवून घ्यायला स्वतःहून येईल, ही आशा करणाऱ्यांनी रस्ता पाहिलेला नसावा.

तेव्हा मागणे माफक आहे. दुसऱ्याच्या चुकीचा क्लेम बोनसला लावू नये. स्वतःची चूक असेल तर एक-दोन पायऱ्या खाली उतरवावे, थेट तळघरात ढकलू नये. आणि थर्ड पार्टीच्या दरात सिद्ध झालेल्या बेशिस्तीचा अधिभार असावा. हे जमणार नसेल, तर पॉलिसीच्या पहिल्या पानावर सरळ छापावे की नियम पाळून गाडी चालवणे ही ग्राहकाची वैयक्तिक हौस समजण्यात येईल. हौसेला मोल नसते म्हणतात. या हौसेला आहे, आणि वर 18 टक्के जीएसटीही.