संथ भाग कसा बघावा: सिल्वासातील नवशिक्यांसाठी

आधी रिमोट ताब्यात घ्या. आमलीच्या किंवा मसाटच्या एखाद्या खोलीत एका टीव्हीसमोर आपले काका, शेजारच्या गुजराती बेन आणि यार्न कंपनीतला बिहारी पोरगा बसलेला असतो. तिघांची सामाईक भाषा हिंदी आणि सामाईक पोलीस खातं ‘सीआयडी’. बी. पी. सिंग यांची ही मालिका जानेवारी १९९८ मध्ये सुरू झाली, आणि तेव्हापासून क्रम ठरलेला आहे: प्रेत, प्रयोगशाळा, दार, थप्पड. संथ भाग या चौघांपैकी निदान दोघांना रजेवर पाठवतो. नवशिक्या घाबरतो तो इथेच.

असा भाग ओळखणं सोपं आहे. पहिल्या ब्रेकपर्यंत प्रेत आलं नाही, तर शंका घ्या. चहाचा तोच कप दोनदा दिसला, तर शंका पक्की. आणि एरवी दार तोडणाऱ्या इन्स्पेक्टर दयाने कडी काढून ते साधंच उघडलं, तर पाय वर घेऊन बसा, आता कुणाच्या तरी घरचं काहीतरी निघणार. लांबीवर मात्र जाऊ नका. २००४ मध्ये याच मंडळींनी १११ मिनिटांचा भाग एकही कट न घेता चित्रित केला होता. तो लांब होता, पण संथ मुळीच नव्हता. मध्ये थांबायची सोय कुणालाच नव्हती.

मग बघायचं काय? शिवाजी साटमांचा चेहरा. हे गृहस्थ एकेकाळी सेंट्रल बँकेत कॅशियर होते, आणि मला विचाराल तर त्यांचा एसीपी प्रद्युम्न अजूनही कॅशियरच आहे. खून झाला याचा राग त्याला येतोच, पण हिशेब जुळत नाही याचा जास्त येतो. एरवी आपण त्याच्या हवेत फिरणाऱ्या बोटांची नक्कल करण्यात दंग असतो. संथ भागात ती बोटं थांबतात. या माणसाने कर्तव्यापोटी स्वतःच्या मुलावर, नकुलवर, गोळी झाडलेली आहे, आणि तरी तो रोज कामावर येऊन दुसऱ्यांच्या मुलांची चौकशी करतो. म्हणून एखादा बाप समोर बसून ‘माझा मुलगा असं करणारच नाही’ म्हणू लागला, की त्या बापाकडे बघू नका. प्रद्युम्नकडे बघा. तो काही बोलत नाही, तेवढ्यासाठीच हा भाग लिहिलेला असतो.

नेमकं तेव्हाच बेन विचारतील, ‘मारामारी क्यारे आवशे?’ आणि पोरगा विचारेल, ‘भाईसाब, दरवाजा कब टूटेगा?’ चिडू नका. त्यांना याच गावाची गोष्ट सांगा. २ ऑगस्ट १९५४ ला सिल्वासा पोर्तुगिजांच्या हातून सुटलं. सुधीर फडक्यांसारखा गाण्यातला माणूसही त्या लढ्यात होता. हा दार तोडण्याचा भाग झाला, आणि तो कौतुकाने सांगितला जातो. पुढची सात वर्षं कुणी सांगत नाही. वरिष्ठ पंचायत कारभार पाहते आहे. पोर्तुगालने वाटेचा हक्क मागत हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात भारताला खेचलं आहे, आणि निकाल लागायला १९६० उजाडतं. शेवटी ऑगस्ट १९६१ मध्ये के. जी. बदलानी नावाचे आयएएस अधिकारी एका दिवसापुरते इथले पंतप्रधान होतात, ते विलीनीकरणाच्या करारावर सही करता यावी म्हणून. (सगळ्या कथेत माझा आवडता प्रसंग हाच. बंदूक कुठेच नाही, आणि दुसऱ्या दिवशी पद गेलेलं.) एवढं सांगेपर्यंत ब्रेक संपतो.

खुनी कोण, याच्या पैजा लावू नका. पाहुणा नट ओळखीचा असेल तर खुनी तोच, हे लहान मुलांनाही कळतं. संथ भाग तर कित्येकदा नाव सुरुवातीलाच सांगून टाकतो. पावसाळ्यात लाइट गेली तर हळहळू नका, आणि मधुबन धरणाचे दरवाजे उघडले का यावर चर्चा करा. खरोखर उघडणारे दरवाजे तेच.

प्रद्युम्न मेला तर लगेच रडू नका. एप्रिल २०२५ मध्ये तो स्फोटात गेल्याचं दाखवलं, वाहिनीने श्रद्धांजलीचा फोटोही टाकला, आणि पुढे साहेब पुन्हा कामावर हजर झाले. दिनेश फडणीस मात्र डिसेंबर २०२३ मध्ये खरोखरच गेले. जुन्या भागात त्यांचा फ्रेडी आला, की आवाज थोडा वाढवा. विनोदाच्या आधी हा माणूस किंचित थांबायचा, आणि ते थांबणं एरवीच्या गडबडीत वाया जात होतं.

सकाळी कंपनीच्या बसमध्ये कुणी ‘खूनी कौन निकला?’ विचारलं, तर नाव सांगून मोकळे व्हा. ‘वो बाप फिर घर गया क्या?’ असं विचारणारा भेटला, तर त्याला पुढच्या शनिवारी चहाला बोलवा.