आहेर घ्यायला पुढे, पंगत वाढायला कुणी नाही

"काकू, कोपऱ्यावरच्या बंगल्यातल्या धाकट्याचं कळलं का?"

"बायको माहेरी गेली एवढं कळलं. का गेली ते तू सांग."

"एफडी मोडून क्रिप्टोत घातली म्हणे, तिला न विचारता. ॲपवर रक्कम दुप्पट दिसतेय, पण काढायला गेलं की निघत नाही. आता ते लोक म्हणतायत, आधी दोन लाख टॅक्स भरा, मग सोडू."

"अगं, मग ते ॲपच खोटं! टॅक्स असा आधी कोण मागतं? कॉइन विकलं की एक टक्का टीडीएस तिथेच कापतात, बाकीचा आपण रिटर्न भरताना भरायचा. आमच्या ह्यांचा जन्म बँकेत गेलाय, रोज चहाबरोबर हेच ऐकते मी."

"टीडीएस कापतात? म्हणजे सरकारला चालतं की हे."

"चालतं असंही नाही, चालत नाही असंही नाही. २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांना बजावलं, क्रिप्टोवाल्यांच्या वाऱ्याला उभं राहू नका. २०२० मध्ये सुप्रीम कोर्टाने ते रद्द केलं. मग २०२२ च्या बजेटमध्ये नफ्यावर तीस टक्के कर आला. आणि गंमत ऐक, एका कॉइनमध्ये लाख मिळाले, दुसऱ्यात लाख बुडाले, तरी मिळालेल्या लाखावर पुरता कर. तोटा वळता करायचा नाही."

"हे म्हणजे आहेर घ्यायला पुढे, पंगत वाढायला कुणी नाही!"

"अगदी! शेअरला सेबी आहे. बँक बुडाली तर पाच लाखांपर्यंत विमा आहे. आपल्या रुपी बँकवाल्यांना उशिरा का होईना, मिळाले ना? इथे तसलं काही नाही. जाहिरातीतच लिहिलेलं असतं की ह्यावर नियमन नाही, नुकसान झालं तर दाद मिळेलच असं नाही. आपण चष्मा शोधेपर्यंत ती ओळ गेलेली असते."

"पण एक्स्चेंजना नोंदणी करावी लागते ना? आमचा भाचा सांगत होता."

"२०२३ पासून. ती काळा पैसा फिरू नये म्हणून. ग्राहकाची ओळख तपासा, संशय आला तर कळवा, भर सगळा ह्यावर. तुझे पैसे बुडाले तर कोण भरून देतंय? वझीरएक्स एक्स्चेंजवर २०२४ च्या जुलैत चोरी झाली, दोन हजार कोटींच्या घरातली. लोकांची कॉइन्स वर्षाहून जास्त अडकली, आणि तोडगा कुठे निघाला? सिंगापूरच्या कोर्टात."

"अगंबाई! खातेदार इथले आणि कोर्ट तिथलं?"

"लांब कशाला, आपल्या पुण्यात गाजलेलं गेनबिटकॉइन प्रकरण घे. महिन्याला दहा टक्के देऊ म्हणाले, तेही दीड वर्ष! २०१८ मध्ये सूत्रधाराला धरलं. कॉइन्स शोधायला पोलिसांनी दोन तज्ज्ञ बोलावले, त्यातला एक माजी आयपीएस. २०२२ मध्ये पोलिसांनी त्या दोघांनाच अटक केली, कॉइन्स परस्पर वळवल्याच्या आरोपावरून. आरोप हं. मी काही बघायला गेले नव्हते."

"कुंपणानेच शेत खाल्लं म्हणायचं! पण काकू, कायदा केला तर लोकांना वाटेल, सरकारनेच शिक्का मारला. मग आणखी उड्या पडतील."

"रिझर्व्ह बँकेलाही तीच धास्ती आहे. पण तीस टक्के घेतल्यावर लोकांच्या मनात शिक्का बसायचा राहिलाय होय? मोठा कायदा करायचा तेव्हा करा. ग्राहकांचा पैसा कंपनीच्या पैशात मिसळू नका, चोरी झाली तर भरपाई कोण देणार ते आधी सांगा, आणि तक्रार ऐकायला इथलं एक ऑफिस ठेवा, एवढं तरी लिहून द्या!"

"ते होईल तेव्हा होईल. ह्या पोराचं काय? संध्याकाळी पतपेढीत कर्ज काढायला जाणार आहे, दोन लाखांसाठी."

"मग इथे काय उभी राहिलीस? पळ! म्हणावं, एक रुपयाही भरू नकोस, आधी सायबरच्या १९३० ला फोन लाव. ॲपचे सगळे मेसेज जपून ठेव, काही पुसू नकोस. आणि हे बघ, मी सांगितलं म्हणू नकोस हं. त्याची आई माझ्याच भिशीत आहे."