ढगाचा सातबारा

ढग कुणाच्या मालकीचा, हा प्रश्न आम्हा शहाडकरांना कधी पडला नव्हता. तो दिल्ली हायकोर्टापुढे गेला, 2019 साली. आयुष्मान खुरानाच्या ‘ड्रीम गर्ल’ या विनोदी हिंदी चित्रपटाच्या जाहिरातीसाठी ‘ढगाला लागली कळ’ नव्याने ठोकूनठाकून काढलं होतं. मराठी बाज हवा म्हणून सोबत रितेश देशमुख. सारेगामा ही संगीत कंपनी म्हणाली, ढग आमचा. कोर्टाने चित्रपटाची निर्माती कंपनी बालाजी हिला गाणं वापरायला मनाई केली. चित्रपट मात्र 13 सप्टेंबरला लागला आणि धो धो चालला. त्यातला नायक फोनवर बाईच्या आवाजात बोलून पोट भरतो. म्हणजे उसनवारी कथेतच होती.

दादा कोंडके असते तर मांडीवर थाप मारून हसले असते. 1978 साली त्यांचा ‘बोट लावीन तिथं गुदगुल्या’ आला, हे गाणं मूळचं त्यातलं. उषा मंगेशकर, महेंद्र कपूर यांचे आवाज, राम-लक्ष्मणचं संगीत. तेव्हा भोंग्यावर दादांचं गाणं लागलं की सभ्य घरांच्या खिडक्या लागायच्या. अर्थात फट ठेवून. सेन्सॉरशी तर दादांची जन्मभर हुज्जत. ओळ सरळच आहे, चावटपणा ऐकणाऱ्याच्या डोक्यात, हा त्यांचा ठरलेला बचाव. त्या काळी ही गाणी आपली म्हणायला प्रतिष्ठितांपैकी कुणी पुढे येत नव्हतं. आता त्याच चावटपणाला वारस फुटले. भांडण कागदाचं, अब्रू वगैरे कुणाच्या लक्षातही नाही.

आमच्या उल्हासनगरात ‘मेड इन यूएसए’ म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, हा विनोद इथलेच दुकानदार जीन्सची घडी मोडता मोडता सांगतात. नक्कल करा, पण गिऱ्हाइकाला डोळा मारून करा, ही इथली रीत. ती अंधेरीच्या सिनेमावाल्यांपर्यंत पोचलेली दिसत नाही.

असो. मालकी ठरतेच आहे तर एक जुनं काम उरकून घ्यावं. खटल्याच्याच वर्षी, 2019 च्या 27 जुलैला ढगाची कळ अशी काही जोरात उठली की बदलापूर-वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात अडकली. हजारावर प्रवाशांना बाहेर काढायला बोटी आणाव्या लागल्या. उल्हास नदी लोकांच्या माळ्यापर्यंत चौकशीला आली होती. त्या नुकसानीचे पंचनामे तलाठ्याने आता सरकारऐवजी ढगाच्या मालकाकडे पाठवावेत. मग बघा, दोन्ही कंपन्या कशा एका सुरात गातात: ढग आमचा नव्हेच!