मेणवली, औंध आणि आमची बस

ज्येष्ठ नागरिक संघाच्या फळ्यावर 'मेणवली-औंध अभ्याससहल' असं लागलं आणि पहिली शंका आली : "औंधला जायला बस कशाला ठरवायची? पीएमटी जाते की!" हे औंध पुण्यातलं नव्हे, सातारा जिल्ह्यातलं, पंतप्रतिनिधींचं, हे पटवण्यात सहलप्रमुखांचा घसा बसला. दुसरी शंका स्वच्छतागृहांची. तिचं उत्तर म्हणून त्यांनी वाटेतल्या थांब्यांचा कागदच वाटला. अशा सहलीचा खरा नकाशा तोच. दोन थांब्यांच्या मधे जे लागतं, त्याला इतिहास म्हणायचं.

वाईपासून मेणवली जवळच. नाना फडणवीसांचा वाडा सहा चौकी, आजही वंशजांच्या मालकीचा. भिंतींवरच्या चित्रांचे रंग विटलेत, पण रेषा अजून ठणठणीत. (हे मी एका काकांना म्हणालो, त्यांना ते त्यांच्याबद्दलच वाटलं.) वाडा दाखवणारा मनुष्य हुशार होता. १७६८ साली हे गाव नानांना मिळालं त्यात औंधच्या पंतप्रतिनिधींचा हात होता, म्हणजे आजची तुमची दोन्ही ठिकाणं आतून जोडलेली आहेत, असं त्यानं झकास जुळवून सांगितलं. ऐकलं कुणी? पुरुषमंडळी लाकडी खांबांवर टिचक्या मारून घनफुटाचा भाव काढत होती. बायकांनी दुसऱ्याच चौकात निकाल दिला.

"सहा चौक! सारवायचं कुणी हो?"

"नानांनी दौलत सांभाळली, कबूल," दुसऱ्या काकू म्हणाल्या, "पण वाडा कुणी सांभाळला, ते त्यांच्या दप्तरात आहे का लिहिलेलं?"

दाखवणारा मनुष्य पहिल्यांदाच गप्प झाला. प्रश्न बिनतोड होता, असं माझं प्रामाणिक मत आहे.

मागे कृष्णेचा घाट. तिथल्या देवळाशी चर्चची भलीमोठी घंटा टांगलेली आहे. १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई घेतली, त्या विजयाची ही खूण. आमचे निवृत्त मुख्याध्यापक वसईच्या तटापर्यंत पोचले असतील-नसतील, तोवर कुणीतरी म्हणालं, 'स्वदेस'चं शूटिंग इथंच झालं. झालं! तट सोडून सगळं सैन्य शाहरुख नेमका कुठल्या पायरीवर उभा होता ते शोधायला पांगलं.

औंधला जेवण आधी आणि टेकडी नंतर, हा क्रम कुणी ठरवला ते अखेरपर्यंत बाहेर आलं नाही. मठ्ठ्याचे दोन-दोन पेले रिचवून मंडळी टेकडीवरच्या श्रीभवानी संग्रहालयात पोचली आणि आत शिरताच इस्पितळात कुणाला बघायला आल्यासारखी कुजबुजू लागली. १९३८ साली हे संग्रहालय उभं करणारे बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार. त्याच सुमारास त्यांनी गांधीजींच्या सल्ल्यानं राज्यकारभार प्रजेच्या हाती द्यायला घेतला. राजानं राज्य सोडलं आणि चित्रं जमवली, हे ऐकून आमचे अध्यक्ष अस्वस्थ झाले. ते गेली कित्येक वर्षं बिनविरोध आहेत.

राजा रविवर्म्यांच्या अस्सल तैलचित्रांसमोर बराच वेळ शांतता. मग हळूच, "आमच्या माजघरातली जास्त झळझळीत होती, नाही?" याला जबाबदार रविवर्माच. १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढून त्यांनी चित्रातले देव घरोघरी पोचवले. आता अस्सल समोर आलं तर तेच फिकं वाटणार.

पण हेन्री मूर! या जगप्रसिद्ध इंग्रज शिल्पकाराचं 'मदर अँड चाइल्ड' औंधमध्ये असावं, याचं मला अजून नवल वाटतं. बँकेतून निवृत्त झालेल्या काकांनी विचारलं, "अर्धवट राहिलंय का?" मुख्याध्यापकांनी आधुनिकता, आकार, अवकाश असं पुष्कळ सांगितलं. काकांचं समाधान होईना. तेवढ्यात सारवणवाल्या काकू पुढे झाल्या, चष्मा वर सरकवून वाकून बघितलं आणि म्हणाल्या, "नाकडोळे जाऊ द्या. पोर धरलंय नीट." याहून चांगली समीक्षा मी तरी वाचलेली नाही.

बाहेर पडताना मुख्याध्यापकांनी सांगून टाकलं, की बाळासाहेबांनी सूर्यनमस्कारांचा देशभर प्रसार केला, उतारवयातही स्वतः घालत. बँकवाले काका पेटले. आवारातच पूर्वेकडे तोंड करून हात वर केले, खाली वाकले आणि तिथंच राहिले. मठ्ठा वर येऊ देईना, कंबर खाली जाऊ देईना. दोघांनी धरून त्यांना सरळ केलं.

पहारेकरी तंबाखू मळत बघत होता. "असू द्या," तो म्हणाला, "पंतांची माहिती ऐकली की एक जण वाकतोच."